उस्मानियाचे पदवीधर

सन १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी. ए. ची पहिली परीक्षा झाली व तीत चार विद्यार्थी उत्तीर्ण झाले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक ही ती नावे. एक न्यायासनावर बसला, एकाने संस्कृत विद्येचे संशोधन केले, एक वकिलीत व एक शिक्षणखात्यात गेला. आणि या चौघांनी पाडलेल्या वाटांनी महाराष्ट्राच्या पुढील दोन पिढ्या चालल्या. आपल्याकडे विद्यापीठांच्या इतिहासाविषयी जे लेखन होते त्याचा आरंभ बहुधा येथूनच होतो. परंतु हा महाराष्ट्र म्हणजे इंग्रजी अमलाखालील महाराष्ट्र होय, याचा लेखकांस विसर पडतो. तेरणेच्या काठी असलेल्या आमच्या माकणीसारख्या गावी रानड्यांची पदवी ही परमुलखातली गोष्ट होती. सोलापूर जवळ, पण ते इंग्रजांचे. हैदराबाद दूर, पण ते सरकारचे. ज्यास सरकारदरबारी काही व्हावयाचे असेल त्याने पश्चिमेस नव्हे, पूर्वेस पाहावे, अशी रीत होती.

दिनांक ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात आमच्या घराच्या दगडमातीच्या भिंती पडल्या. पुढे काही दिवसांनी ढिगाऱ्यातून एक पत्र्याची पेटी निघाली. तीत आजोबांचा एक जाड कागद होता. वर मोहोर, खाली सही, आणि मधला सारा मजकूर उर्दूत. घरातील कोणासही तो वाचता येईना. आजोबा हिशेब मोडीत मांडीत, पोथी बाळबोधीत वाचीत आणि कचेरीतील अर्ज उर्दूत लिहीत, एवढे वडिलांस आठवत होते. पुष्कळ वर्षांनी माझ्या एका सहाध्यापकांनी तो कागद वाचून दाखविला. आजोबा मिडलची परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा तो दाखला होता. त्यांचे शिक्षण तेथेच थांबले. ते थांबले नसते तर त्यांना ज्या विद्यापीठाच्या दारात जावे लागले असते, त्याविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही, आणि जे लिहिले गेले त्यात रागच अधिक आहे. राग अकारण होता असे मी म्हणणार नाही. पण रागाने पाहिले म्हणजे माणसे दिसत नाहीत. आणि या विद्यापीठातून बाहेर पडलेली माणसे पाहण्याजोगी आहेत.

हैदराबाद संस्थानात उच्च शिक्षण पूर्वी मुळीच नव्हते असे नाही. निजाम कॉलेज होते. परंतु ते मद्रास विद्यापीठास जोडलेले, परीक्षा मद्रासच्या आणि भाषा इंग्रजी. राजधानीतील अमीर-उमराव व वकील-अंमलदार यांच्या घरांपलीकडे त्याचा लाभ फारसा पोचला नाही. सर अकबर हैदरी यांच्या निवेदनावरून सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी १९१७ मध्ये नव्या विद्यापीठास संमती दिली, १९१८ मध्ये ते स्थापन झाले व १९१९ मध्ये वर्ग सुरू झाले. गणित, रसायन, इतिहास, कायदा हे सारे विषय शेवटच्या परीक्षेपर्यंत उर्दूतून शिकवावयाचे, इंग्रजी ही केवळ एक सक्तीची भाषा म्हणून ठेवावयाची, असा त्याचा पाया होता. त्या वेळी हिंदुस्थानातील बहुतेक सर्व विद्यापीठे इंग्रजीतून शिकवीत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या धाडसाची कल्पना येईल. रवींद्रनाथ ठाकुरांसारख्यांनी त्याचे स्वागत केले, ते याच कारणाने.

धाडसाबरोबर मेहनतही होती. पाठ्यपुस्तकेच नव्हती, तेव्हा दार-उल-तर्जुमा या नावाचे भाषांतर खाते आधी उघडण्यात आले. पारिभाषिक शब्द अरबी-फारसीतून घ्यावेत की हिंदीतून, जोडशब्द कसे बनवावेत, यावर तेथे मोठे वाद झाले. मौलवी वहीदुद्दीन सलीम यांनी तर शब्द घडविण्याच्या शास्त्रावर उर्दूत एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. या खात्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक होते. त्यांचे नाव मराठवाड्यातील वाचकांस परके वाटू नये. पुष्कळ वर्षे त्यांचा मुक्काम औरंगाबादेस होता. तेथील उस्मानिया कॉलेजचे ते प्राचार्य होते, आणि मराठी भाषेवर फारसीचा जो परिणाम झाला त्याविषयी त्यांनी उर्दूत पुस्तक लिहिले आहे. आपल्या शेजारच्या भाषेकडे इतक्या आस्थेने पाहणारा विद्वान ज्या खात्याच्या शिरोभागी होता, त्या खात्याकडून मराठीत एखादे गणिताचे पुस्तक व्हावे हे मात्र कोणाच्या मनातही आले नाही.

खरा प्रश्न येथेच आहे. संस्थानाच्या सोळा जिल्ह्यांपैकी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पाच मराठी होते. लोकसंख्येचा साधारण निम्मा भाग तेलुगू बोले, सुमारे चौथा हिस्सा मराठी बोले, कानडी बोलणारे त्याहून कमी, आणि ज्यांची घरची भाषा उर्दू होती त्यांचे प्रमाण आठ-नवांत एक इतके होते. देशी भाषेतून विद्या द्यावी हे तत्त्व निर्दोष होते. ती कोणाच्या घरची भाषा, हे विचारले गेले नाही. ज्यांच्या घरी ती होती त्यांस या तत्त्वाने काय दिले आणि ज्यांच्या घरी ती नव्हती त्यांचे काय झाले, हे दोन्ही ताळे पदवीधरांच्या चरित्रांतच सापडतात.

पहिला ताळा आधी पाहू. रझीउद्दीन सिद्दीकी हे या विद्यापीठाच्या आरंभीच्या पदवीधरांपैकी एक. गणित त्यांनी उर्दूतून शिकले. त्या काळी अशा पदवीची चेष्टा करणारे बरेच होते. उर्दूत शिकलेला गणिती विलायतेत काय करणार, असे ते विचारीत. सिद्दीकी केंब्रिजला गेले, तेथून जर्मनीत लाइपझिग येथे हायझेनबर्ग यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरची पदवी मिळविली, आणि परत येऊन उस्मानियात गणित शिकवू लागले. पुढे ते तेथील कुलगुरूही झाले. ज्याने मूळ विषय आपल्या भाषेत नीट समजून घेतला त्यास परभाषेत जाणे अवघड नसते, असे प्रतिपादन करणाऱ्यांस याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. १९५० मध्ये ते पाकिस्तानात गेले व इस्लामाबादच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले.

डॉ. मुहम्मद हमीदुल्ला यांचे चरित्र याहून विलक्षण आहे. एम. ए. व कायद्याची पदवी उस्मानियाची, त्यानंतर बॉन व पॅरिस येथील डॉक्टरच्या पदव्या, आणि मग पुन्हा उस्मानियातच आंतरराष्ट्रीय कायद्याचे अध्यापन, असा त्यांचा क्रम. १९४८ मध्ये हैदराबादची बाजू संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडण्याच्या कामी ते परदेशी गेले असता इकडे संस्थानच उरले नाही. ते परत आले नाहीत. दुसऱ्या कोणत्या राष्ट्राचे नागरिकत्वही त्यांनी घेतले नाही. पॅरिसमध्ये जवळजवळ अर्धे शतक ते ग्रंथालयांतून काम करीत एका खोलीत राहिले. १९५९ मध्ये त्यांनी केलेले कुराणाचे फ्रेंच भाषांतर प्रसिद्ध झाले. २००२ साली अमेरिकेत त्यांचा अंत झाला. त्यांच्या राजकीय निष्ठेशी आपला मेळ बसणार नाही. संस्थान गेले याचे आपल्याकडे कोणास दुःख असण्याचे कारण नाही. परंतु आपल्या निष्ठेची किंमत स्वतः भरणारा मनुष्य म्हणून त्यांस नमस्कार केला पाहिजे.

सय्यद मोहिउद्दीन कादरी झोर हे तिसरे. लंडनला जाऊन त्यांनी ध्वनिशास्त्राचा अभ्यास केला, आणि परत येऊन जुन्या दखनी वाङ्मयाचा उद्धार आरंभिला. गोवळकोंड्याचा कुली कुतुबशहा याच्या काव्याचा संग्रह त्यांनी १९४० मध्ये संपादून काढला. दखनी ही उत्तरेच्या उर्दूहून निराळी, आपल्या मातीतली भाषा. तिच्यात मराठी शब्द पदोपदी भेटतात. उत्तरेकडील प्रौढ उर्दू शिकविण्यासाठी काढलेल्या विद्यापीठाच्या पदवीधराने गल्लीतील दखनीस प्रतिष्ठा मिळवून द्यावी, यात एक प्रकारचा न्याय आहे.

आणि चौथे मखदूम मोहिउद्दीन. मेदक जिल्ह्यातील अंदोल गावचा हा गरीब मुलगा उस्मानियातून एम. ए. होऊन सिटी कॉलेजात शिक्षक झाला. सरकारास इमानी नोकर हवे होते. हा निघाला कवी आणि त्यातून साम्यवादी. नोकरी सोडून त्यांनी मजुरांचे संघ बांधले, तेलंगणातील शेतकऱ्यांच्या उठावात भूमिगत राहिले, तुरुंग भोगला आणि १९५२ नंतर विधिमंडळातही बसले. ‘सुर्ख सवेरा’ हा त्यांचा काव्यसंग्रह १९४४ चा. ज्याने विद्यापीठ स्थापिले त्याचे राज्य मोडण्यास त्याच विद्यापीठाच्या उर्दूत गाणी लिहिली जावीत हे स्थापकांच्या स्वप्नातही नसेल.

आता दुसरा ताळा. औरंगाबाद, नांदेड किंवा धाराशिवाकडचा मराठी मुलगा या विद्यापीठात जाई तेव्हा त्याच्या अंगात शेरवानी असे, तोंडात नवी भाषा असे आणि डोक्यात घरच्या भाषेतून तिच्यात व तिच्यातून इंग्रजीत असा दुहेरी प्रवास चाले. ज्यास हे नको त्याने राज्याबाहेर जावे. गोविंदभाई श्रॉफ यांनी शास्त्राची उच्च पदवी कलकत्त्यास घेतली. पुष्कळांनी पुणे किंवा बनारस गाठले. जे गेले त्यांचे वर्णन आपण अभिमानाने करतो, परंतु जे राहिले त्यांनी वसतिगृहांत एक गोष्ट मिळविली व तिचे मोल मोठे होते. नांदेडचा मराठी, वरंगळचा तेलुगू आणि रायचूरचा कानडी मुलगा तेथे एका पंक्तीस जेवू लागला. ज्या तीन भाषांस विद्यापीठाने वर्गाबाहेर ठेविले, त्यांची ओळख वर्गाबाहेरच झाली.

१९३८ च्या नोव्हेंबरात औरंगाबाद व हैदराबाद येथील वसतिगृहांत विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणू लागले. त्याच सुमारास, २४ ऑक्टोबरपासून, हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला होता व हवा तापलेली होती. अधिकाऱ्यांनी गीतास बंदी केली, विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला, आणि जे माघार घेईनात अशा शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून कमी झाली. एक गीत म्हणण्यापायी शिक्षण बुडाले. खेड्यातील ज्या बापाने जमीन गहाण टाकून मुलास हैदराबादेस पाठविले असेल, त्याच्या घरी हे वर्तमान कसे पोचले असेल याचा विचार इतिहासकार सहसा करीत नाहीत. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या मुलांस प्रवेश दिला, हे त्यांचे उपकार मराठवाड्याने विसरू नयेत. नागपूरच्या पदवीवर नाव लागलेली, पण जिची घडण उस्मानियाच्या वसतिगृहात झाली अशी एक पिढीच त्यामुळे निर्माण झाली.

या मुलांत वरंगळच्या इंटरमिजिएट कॉलेजातील एक होता. तो पुढे पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात शिकला, नागपुरास कायद्याचा अभ्यास केला, आणि या फिरतीत मराठी इतकी आत्मसात केली की हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्याने तेलुगूत उतरविली. पी. व्ही. नरसिंह राव ते हेच. हद्दपारीने मनुष्य कडू होतो किंवा विस्तारतो. येथे दुसरे घडले.

परंतु आमच्या भागाची गोष्ट सांगावयाची तर एका दुसऱ्या विद्यापीठाचेही नाव घेतले पाहिजे. असहकारितेच्या लाटेत १९२१ मध्ये पुण्यास टिळक महाराष्ट्र विद्यापीठ निघाले. त्याच्या पदवीस सरकारी नोकरीच्या बाजारात किंमत नव्हती, आणि ती नसावी अशीच स्थापकांची इच्छा होती. सिंदगीचे व्यंकटेश भवानराव खेडगीकर हे त्याचे एक विद्यार्थी. १९२० मध्ये शाळा सोडलेल्या या तरुणाने तेथे लोकशाहीच्या विकासावर प्रबंध लिहिला, काही काळ ना. म. जोशी यांच्याबरोबर मजूर चळवळीत काम केले, आणि १९२९ च्या सुमारास हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत अध्यापनासाठी आले. हे हिप्परगा व आमचे माकणी आज एकाच लोहारा तालुक्यात आहेत. लोकशाहीवर प्रबंध लिहिलेला पदवीधर, जेथे लोकशाही हा शब्द उच्चारणेही धोक्याचे, अशा मुलखातील खेड्यात पोरांस अक्षरे गिरवावयास लावीत होता. पुढे संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले, १९३५ मध्ये अंबाजोगाईच्या शाळेत गेले, आणि १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहाच्या अग्रभागी उभे राहिले. हैदराबादेच्या भव्य विद्यापीठातून निघालेले तरुण आणि पुण्याच्या बिनसरकारी विद्यापीठातून आलेला हा शिक्षक यांची गाठ त्या वर्षी पडली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाचे राज्य संपले, त्यास जी माणसे कारण झाली त्यांची पाठशाळा अशी दुहेरी होती.

स्थापकांनी इच्छिले त्याच्या उलट पदवीधर निघावेत, हे उस्मानियाच्या नशिबी होते असे दिसते. पैठणचे शंकरराव चव्हाण यांची कायद्याची पदवी तेथली. ती वकिलीपेक्षा मुक्तिलढ्यास अधिक उपयोगी पडली. नंतर नांदेडच्या नगरपालिकेपासून मुंबईच्या मुख्यमंत्रिपदापर्यंत ते गेले. शब्दांत काटकसर, शिस्तीत कडक, आणि पाटबंधारे हा विषय निघाला की मात्र तासन् तास बोलणारे अशी त्यांची ख्याती होती. जायकवाडीच्या धरणात त्यांचे मन गुंतलेले होते. चाकूरचे शिवराज पाटील यांनी शास्त्रशाखेचे शिक्षण उस्मानियात घेतले व कायद्यासाठी मुंबई गाठली. १९९१ ते १९९६ या काळात नरसिंह राव पंतप्रधान, शंकरराव चव्हाण गृहमंत्री आणि शिवराज पाटील लोकसभेचे अध्यक्ष होते. निजामाच्या मुलखात जन्मलेले, त्याच्या विद्यापीठाने घडविलेले किंवा बाहेर घातलेले तिघेजण दिल्लीच्या तीन मोठ्या आसनांवर एकाच वेळी बसले होते, आणि त्याच काळात, १९९३ मध्ये, आमच्या तेरणाकाठची गावे जमीनदोस्त झाली. त्यांच्या राजकारणाचे मूल्यमापन करण्याचे हे स्थळ नव्हे. नरसिंह रावांच्या कारकिर्दीविषयी तर घराघरांत दोन मते आहेत. मी एवढेच नोंदवितो की मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांचा इतिहास लिहिणाऱ्यांस असे त्रिकूट दाखविता आलेले नाही, आणि तरी मराठवाडा शिक्षणात मागासलेला हे वाक्य आपण तोंडपाठ म्हणतो.

संस्थान गेल्यावर उस्मानियाची भाषा बदलली. ती तेलुगू, मराठी किंवा कानडी झाली नाही, इंग्रजी झाली. परक्याची भाषा काढून आपली बसवू, या हेतूने ज्यांनी तुरुंग भोगला त्यांच्या डोळ्यांदेखत तिसरीच येऊन बसली, आणि कोणी फारसे विचारलेही नाही. प्रस्तुत लेखक स्वतः इंग्रजीतून पदवी घेतलेला आहे व इंग्रजीच्या जोरावर त्याची भाकरी चालली आहे, तेव्हा तक्रार करण्याचा अधिकार त्यास थोडाच. पण दार-उल-तर्जुमाने तीस वर्षांत जी शेकडो पुस्तके तयार केली तितक्या चिकाटीने मराठीत उच्च गणिताची, वैद्यकाची, कायद्याची पुस्तके लिहून पदवीच्या परीक्षा घेण्याचे काम, स्वतःचे राज्य असूनही, आपण केलेले नाही, हे कबूल केले पाहिजे.

१९५८ पर्यंत मराठवाड्यातील महाविद्यालये उस्मानियाच्याच छत्राखाली होती. नांदेडचे पीपल्स कॉलेज आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेस काढलेले महाविद्यालय, जे पुढे मिलिंद या नावाने प्रसिद्ध झाले, ही दोन्ही १९५० ची. ज्यांच्या घराण्यात कोणी शाळेची पायरी चढले नव्हते अशी मुले औरंगाबादेत पदवीच्या वर्गात बसू लागली. हा पालट शेरवानी घालून आलेल्या पहिल्या पिढीपेक्षाही मोठा होता. १२ जानेवारी १९५३ रोजी उस्मानियाने बाबासाहेबांस सन्माननीय डी. लिट्. अर्पण केली. कोलंबिया आणि लंडन येथील पदव्या मिळविलेल्या या पुरुषास तिची गरज नव्हती. विद्यापीठासच ती देण्याची गरज होती, असे मला वाटते. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि पूर्वेकडे पाहण्याची आमची सवय संपली.

उस्मानियाचे आणखी काही पदवीधर निराळ्या जगातले आहेत व त्यांच्याविषयी थोडक्यातच लिहितो. मर्री चन्ना रेड्डी तेथील वैद्यकाचे पदवीधर. रोगी सोडून ते राजकारणात गेले आणि आंध्र प्रदेशाचे दोनदा मुख्यमंत्री झाले. निजाम कॉलेज उस्मानियास जोडले गेल्यानंतर तेथे अर्थशास्त्र शिकलेले श्याम बेनेगल चित्रपटांकडे वळले. तेलंगणातील जमीनदारीवरचे ‘अंकुर’ व ‘निशांत’ त्यांचे, आणि हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ वर उभारलेला ‘भूमिका’ ही त्यांचाच. हैदराबादेतील मराठी घरातले हर्षा भोगले तेथे रसायन अभियांत्रिकी शिकले आणि क्रिकेटचे समालोचक झाले. शंतनू नारायण हे उस्मानियाचे अभियंते अमेरिकेत अडोबी या संगणक व्यवसायातील कंपनीचे प्रमुख झाले. यांपैकी बेनेगल, भोगले व नारायण यांना उर्दूतून परीक्षा द्यावी लागली नाही.

उर्दू वाचणारे आमच्याकडे किती उरले हे मात्र २०२३ मध्ये सर्वांस कळले. मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, आणि निजामाच्या काळची दप्तरे कचेऱ्यांच्या फडताळांतून बाहेर निघाली. त्यांतील पुष्कळ कागद उर्दूत आणि मोडीत. घराघरांतील मुले पदवीधर, परंतु पणजोबांची जात, जमीन व वय ज्या कागदावर लिहिले आहे तो वाचण्यासाठी दुसऱ्याचे घर शोधावे लागत होते. त्या दिवसांत गावाकडून एक शेतकरी आपला जीर्ण उतारा घेऊन माझ्याकडे आले. प्राध्यापक म्हणून मी वाचीन अशी त्यांची समजूत. मी त्यांस माझ्या त्या सहाध्यापकांकडे घेऊन गेलो. त्यांनी चष्मा पुसला, कागद खिडकीच्या उजेडाकडे धरला, आणि पहिल्या ओळीतले गावाचे नाव वाचले, “मौजे माकणी.”